६.५ क्रीडमूरसाठी सायझिंग डाय कोणती घ्यावी? (माना चिरतात, बुडाशी चकाकती रेघ येते)

फिनिक्सकर

नमस्कार मंडळी,

दोन वर्षं झाली, ॲरिझोनात फिनिक्सच्या उत्तरेला बेन एव्हरी रेंजवर लांब पल्ल्याची रायफल नेमबाजी करतोय. रायफल बोल्ट ॲक्शन (दर गोळीला बोल्ट, म्हणजे मागचा दांडा, हाताने उघडून बंद करायचा), काडतूस ६.५ क्रीडमूर. काडतुसं घरीच भरतो. उडालेली पितळी पुंगळी साफ करायची, डायमध्ये दाबून मापात आणायची, मग नवा प्रायमर (बुडातली पेट घेणारी टोपी), दारू आणि गोळी. यातल्या दाबून मापात आणण्याच्या पायरीवरच माझं घोडं पेंड खातंय.

सध्या साधी फुल-लेंथ डाय (पूर्ण पुंगळी आवळणारी) वापरतो, आत पुंगळीची मान, म्हणजे गोळी धरणारं तोंड, रुंदावणारा गोळा आहे ती. सोबतच्या कागदात लिहिलं होतं तसंच केलं. प्रेसवर पुंगळीचं बूड धरणाऱ्या शेलहोल्डरला टेकेपर्यंत डाय खाली घेतली आणि शिवाय आणखी अष्टमांश फेरा दिला. चौथ्या भरणीनंतर बुडापासून साधारण एक सेंटिमीटर वर एक चकाकती रेघ गोल फिरलेली दिसली. सहाव्या भरणीत चार पुंगळ्यांच्या माना उभ्या चिरल्या.

काल रात्री त्यातली एक करवतीने उभी कापली. बाहेर रेघ होती तिथेच आतून खाच होती. नख फिरवलं तर त्यात अडकतं. ते बघून पोटात गोळा आला, कारण बोल्टच्या मागे माझाच चेहरा असतो.

नवी डाय घ्यायची आहे. बुशिंगवाली फुल-लेंथ, ली कंपनीची कॉलेट, की कुणाकडून मुद्दाम करून घेतलेली? वाचावं तितका गोंधळ वाढतोय. अनुभवी लोकांनी सांगावं.


बिस्लीची_शनिवारवाली

आधी तातडीचं. रेघ आलेल्या त्या लॉटच्या सगळ्याच्या सगळ्या पुंगळ्या भंगारात टाका. एकही वाचवू नका. पुढच्या वेळी कापायची गरज नाही. कागदाची क्लिप सरळ करा, टोकाला छोटा आकडा वाकवा आणि पुंगळीच्या आतल्या भिंतीवरून बुडाकडून वर ओढा. खाच असेल तर आकडा तिथे अडखळतो. मी प्रत्येक भरणीला पाच-सहा पुंगळ्या अशा चाचपते.

तुमची ती रेघ डायमुळे आलेली नाही, डाय बसवण्याच्या पद्धतीमुळे आली आहे. पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार) गरजेपेक्षा फार मागे ढकलला जातोय. त्यामुळे प्रत्येक वेळी उडताना पुंगळी पुढे ताणली जाते आणि ताण बुडाजवळच्या त्या एका पट्ट्यावर येतो. नवी डाय आणून तशीच बसवलीत तर पुन्हा हेच होईल.


टूलरूमकाका

फिनिक्सकर, डाय घेण्याची घाई करू नका. आधी पुंगळी मोजा.

मी भोसरीत बत्तीस वर्षं टूलरूममध्ये काढली, त्यातली बरीचशी डीप ड्रॉइंगच्या डाय करण्यात. आता मुलाकडे ओहायोत असतो, तो नेमबाजी करतो म्हणून या विषयात पडलो. मला जे उमगलं ते सांगतो.

तुमच्या रायफलचं चेंबर (काडतूस बसतं ती पोकळी) हीच एक डाय आहे. ६.५ क्रीडमूरला कमाल दाब ६२,००० पीएसआय धरलाय. त्या दाबाने पितळ चेंबरच्या भिंतीला जाऊन भिडतं आणि दाब उतरला की किंचित माघारी येतं. आम्ही त्याला स्प्रिंगबॅक म्हणतो. म्हणून उडालेली पुंगळी म्हणजे तुमच्या चेंबरचा साचा, जरासा आत आलेला. सायझिंग डायने एवढंच करायचं, की तो साचा आणखी थोडा लहान करायचा, म्हणजे पुंगळी परत सहज आत जाईल. थोडा म्हणजे बोल्ट रायफलमध्ये खांद्यापाशी एक ते दोन थाउ. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. सेमी-ऑटोमॅटिक असेल तर तीन-चार थाउ द्यावे लागतात, कारण तिथे बोल्ट हाताने दाबून बंद होत नाही.

आता तुमचा अष्टमांश फेरा बघू. डायचा आटा सात-अष्टमांश इंची, इंचाला १४ आटे. म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात डाय ७१ थाउ खाली येते आणि अष्टमांश फेऱ्यात जवळजवळ ९. प्रेस थोडा ताणला जातो, त्यामुळे ते सगळे ९ खांद्यावर येत नाहीत, हे खरं. पण तुम्हाला हवे होते दोन. दोन थाउ म्हणजे आट्याचे फक्त दहा अंश! घड्याळात मिनिटकाटा दोन मिनिटांत सरकतो त्याच्याही आत.

त्यामुळे पहिली खरेदी डायची करू नका. व्हर्निअरला लावायचा, बुडापासून खांद्यापर्यंतचं माप देणारा कंपॅरेटर घ्या. ६.५ क्रीडमूरला खांद्यावर ०.४०० इंच व्यासाच्या जागी टेकणारा तुकडा लागतो. उडालेल्या पाच पुंगळ्यांचे प्रायमर काढून मोजा, कारण प्रायमर बुडाबाहेर आला असेल तर आकडा खोटा येतो. मग नव्या, न उडवलेल्या पुंगळ्या मोजा. आणि शेवटी सध्याच्या डायमधून निघालेल्या मोजा. तिन्ही आकडे इथे टाका.


फिनिक्सकर

काका, कंपॅरेटर मागवला आणि आज आला. आकडे असे (इंचात):

नवी पुंगळी १.५४५
उडालेली १.५५० (एक १.५४९ आली)
माझ्या डायमधून निघालेली १.५४३

म्हणजे मी दर वेळी खांदा सात थाउ मागे ढकलत होतो! नव्या पुंगळीपेक्षाही मागे.

पण एक कोडं पडलंय. तुमचं वाचून डाय पूर्ण एक फेरा वर घेतली आणि थोडी थोडी खाली आणत मोजत गेलो. तर आकडा १.५५० वरून वाढून १.५५२ झाला. डाय खाली येतेय आणि पुंगळी लांब होतेय? तीन वेळा करून पाहिलं. दर वेळी तेच.


टूलरूमकाका

तुमचं माप बरोबर आहे. टूथपेस्टची ट्यूब बाजूंनी दाबली की पेस्ट कुठे जाते? वर. डाय आधी अंगाला धरते, खांद्यापर्यंत अजून पोचलेली नसते. अंग आवळलं की पितळ पुढे सरकतं आणि खांदा वर जातो. डाय आणखी खाली आली की मग खांद्याला टेकते आणि त्याला मागे लोटते. त्या मधल्या जागी थांबून "डाय खांद्याला लागली" असं समजून काडतुसं भरणारे लोक आहेत. त्यांचा बोल्ट मग बंद होत नाही.

असेच खाली येत राहा. १.५४८ दिसलं की थांबा, लॉकरिंग घट्ट आवळा, आणि डायवरून प्रेसवर पेनाने एक उभी रेघ ओढून ठेवा. दर वेळी हँडल खाली गेलं की तीन-चार सेकंद तिथेच धरायचं. पितळाला बसायला वेळ द्यावा लागतो, तरच आकडे एकसारखे येतात.

दहा अंशांचा हिशोब हाताने जमत नसेल तर वेगवेगळ्या उंचीचे शेलहोल्डर मिळतात. रेडिंग कंपनीच्या संचात पाच असतात, दोन-दोन थाउने चढते, दोन ते दहा. डाय एकदा टेकवून ठेवायची आणि शेलहोल्डर बदलून माप साधायचं. मला ते जास्त आवडतं, कारण प्रत्येक वेळी प्रेस सारख्याच जोराने टेकतो.


जुना_नेमबाज

चर्चा चांगली चालू आहे, पण माझं मत वेगळं आहे. अंगाला आणि खांद्याला हात लावायचाच कशाला? पुंगळी तुमच्या चेंबरच्या मापाची झालीच आहे ना? मी वीस वर्षं फक्त मान दाबतो, ली कॉलेट डायने. आतून एक मँड्रेल (गुळगुळीत दांडा), बाहेरून चिरा असलेली कॉलेट (आवळणारी नळी), मान त्या दोघांच्या मध्ये आवळली जाते. ग्रीस लागत नाही, मान ओढली जात नाही, वाकडेपणा येत नाही आणि किंमतही खिशाला परवडणारी. ज्याला एकच डाय परवडते त्याने हीच घ्यावी.


बिस्लीची_शनिवारवाली

कॉलेटबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य. ती डाय खरंच उत्तम आहे. पण "फक्त मान" याला माझा विरोध आहे, आणि तो अनुभवातून आलाय.

मी एफ/टीआर (रायफल टेकवून लांब पल्ल्याची स्पर्धा) खेळते, त्यात .२२३ रेमिंग्टन आणि .३०८ विंचेस्टर ही दोनच काडतुसं चालतात. माझी .३०८. इंग्लंडमध्ये बिस्लीच्या स्टिकलडाउन रेंजवर १,००० यार्डांवरून सलग गोळ्या मारताना वारा एकसारखा मिळतो तो थोडाच वेळ. फक्त मान दाबलेल्या पुंगळ्या दोन-तीन भरण्या छान चालतात. मग बोल्ट जड होतो. एका सामन्यात नवव्या गोळीला बोल्ट बंद करायला मला तळहाताने दाबावं लागलं, रायफल बॅगवरून हलली. पुन्हा बसवेपर्यंत वाऱ्याचे झेंडे उलटे फिरले होते. त्या दिवसापासून प्रत्येक भरणीला फुल-लेंथ, पण खांदा दीड-दोन थाउच मागे.

आणखी एक. पुंगळी चेंबरमध्ये अगदी गच्च बसली म्हणजे नेम सुधारतो, असं होत नाही. प्रत्येक पुंगळी वेगवेगळ्या जोराने गच्च बसते आणि त्यानेच फरक पडतो. सगळ्यांना सारखी थोडी जागा दिली की सगळ्या सारख्या वागतात.


जुना_नेमबाज

सामन्याच्या घाईचं पटलं. मी निवांत, एकटा मारतो, मला बोल्टची घाई नसते. आणि खरं सांगायचं तर दर तिसऱ्या-चौथ्या भरणीला मीही बॉडी डाय फिरवतो. ती मानेला हात न लावता अंग आणि खांदा तेवढा मापात आणते. मग फिनिक्सकरांना कॉलेट आणि बॉडी डाय अशी जोडी सांगतो, दर वेळी दोन्ही वापरायच्या. दोन वेळा हँडल मारावं लागतं, एवढाच त्रास.


पंचगंगेकाठी

मी या विषयात अगदी नवखा, पण वाचून मजा येतेय. आमच्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं, तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची जगज्जेती झाली. हे लोकही अशीच काडतुसं भरतात का?


बिस्लीची_शनिवारवाली

नाही. त्यांचं काडतूस .२२ रिमफायर. त्यात वेगळा प्रायमर नसतो, पेट घेणारं मिश्रण पुंगळीच्या कडेच्या दुमडीत भरलेलं असतं आणि फायरिंग पिन ती कडच चेपते. एकदा चेपली की पुंगळी संपली. त्यामुळे डाय वगैरे प्रश्नच येत नाही. ते लोक दुसरा मार्ग धरतात. कारखान्यातून आलेले वेगवेगळे लॉट आपल्याच बॅरलमधून उडवून बघतात आणि जुळलेला लॉट साठवून ठेवतात. आम्ही डायने जे साधतो ते त्यांना लॉट निवडून साधावं लागतं.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी हेही सांगते, तिथे काडतुसं तयार करायला शस्त्र अधिनियम १९५९ खाली वेगळा परवाना लागतो. इथली चर्चा वाचून घरी प्रयोग करू नका.


फिनिक्सकर

अंग आणि खांद्याचं कळलं. सध्याच्याच डायने १.५४८ साधलं, बोल्ट मऊ बंद होतोय. मग माना का चिरतात?


बिस्लीची_शनिवारवाली

आता खरोखर डाय बदलण्याचा मुद्दा आला.

साध्या फुल-लेंथ डायला जगातल्या कुठल्याही पुंगळीची मान आवळता आली पाहिजे, पातळातली पातळसुद्धा. म्हणून तिची मान मुद्दाम अरुंद कापलेली असते. तुमच्या जाड भिंतीच्या पुंगळीला ती गरजेपेक्षा खूप आवळते आणि मग बाहेर निघताना तो गोळा तीच मान आतून परत ओढून रुंद करतो. एका भरणीत मान आत, बाहेर, आणि उडताना पुन्हा बाहेर. पितळ कडक होत जातं आणि चिरतं. शिवाय गोळा मान वर ओढतो, त्यात आत ग्रीस कमी असेल तर खांदाही वर ओढला जातो. तुम्ही कष्टाने साधलेले दोन थाउ तिथे गेले!

करून बघा. गोळा काढून एक पुंगळी दाबा आणि मानेचा बाहेरचा व्यास मोजा. मग गोळी बसवलेल्या काडतुसाची मान मोजा. दोन्ही आकडे टाका.


फिनिक्सकर

गोळ्याशिवाय दाबलेली मान: ०.२८५
गोळी बसवलेली मान: ०.२९२५


बिस्लीची_शनिवारवाली

साडेसात थाउचा फरक! गरज फार तर तीनची. हेच तुमच्या चिरांचं मूळ.

बुशिंग डायमध्ये मानेच्या जागी बदलता येणारी कडी असते, एकेक थाउच्या मापात मिळणारी. माप काढायला सोपं: भरलेल्या काडतुसाची मान वजा दोन ते तीन थाउ. तुम्हाला ०.२९० ची बुशिंग. ०.२८९ चीही घेऊन ठेवा, ती कशाला ते पुढे सांगते. कडी डायमध्ये गच्च आवळायची नाही. वरचा स्क्रू टेकवून किंचित मागे घ्यायचा आणि डाय कानाजवळ हलवायची, आत खुळखुळ ऐकू आली पाहिजे. तेव्हाच कडी मानेवर आपोआप मधोमध बसते.

बुशिंगच्या दोन मर्यादा मात्र माहीत असू द्या. एक, ती मानेचा अगदी खालचा, खांद्यालगतचा भाग आवळत नाही. माझ्या मते ते चांगलंच, तो न आवळलेला भाग पुंगळीला चेंबरच्या मध्यावर धरतो. दोन, ती बाहेरून आवळते, त्यामुळे भिंतीच्या जाडीत असलेला कमी-जास्तपणा आत, गोळीच्या बाजूला जातो. यावर उपाय मँड्रेल. बुशिंग एक नंबर लहान घ्यायची, तुमची ती ०.२८९, आणि मग दुसऱ्या टप्प्यात ०.२६२ चा मँड्रेल वरून आत घालायचा. गोळा ओढतो, मँड्रेल ढकलतो, म्हणून मान सरळ राहते. गोळीचा व्यास ०.२६४, म्हणजे पकड साधारण दोन थाउची मिळते.


तांबटआळीचा

नेमबाजीतलं काही कळत नाही, पण पितळ आणि तांब्यात आमच्या चार पिढ्या गेल्या म्हणून लिहितो. भांडं ठोकताना धातू कडक होत जातो, हातोडीचा आवाजच बदलतो, आधी बसका असतो तो टणक होतो. तेव्हा ठोकणं थांबवून भांडं भट्टीत घालतात, मऊ करतात आणि मग पुढे ठोकतात. तसंच ठोकत राहिलं तर काठ चिरतो. तुमच्या मानेचं हेच झालेलं दिसतंय. तुमच्यात पुंगळी तापवत नाहीत का?


टूलरूमकाका

अगदी नेमकं बोललात. तापवतात. फक्त मान आणि खांदा, काही सेकंद. बुडाला आच लागता कामा नये, कारण दाबाचा सगळा भार ते कडक बूडच सोसतं. बूड मऊ झालेली पुंगळी रायफलमध्ये घालणं म्हणजे अपघाताला बोलावणं. पुंगळी पाण्यात उभी करून गॅसची ज्योत मारणारे आहेत, यंत्रं वापरणारेही आहेत. फिनिक्सकर, ते नंतर शिका. आधी मान कमी राबवा, मग तापवायची वेळही उशिरा येईल.

मुद्दाम करून घ्यायच्या डायचंही सांगून टाकतो. तुमचं चेंबर नेहमीच्या मापाचं आहे, त्यावर पैसे घालू नका. बॅरलचं चेंबर घट्ट मापाच्या रीमरने (कोरायच्या हत्याराने) कापलेलं असेल आणि पुंगळीचं अंग बुडाजवळ आवळलंच जात नसेल, तर विचार करावा. त्याची खूण अशी, की गोळी उडाल्यावर बोल्टचं हँडल उचलताना शेवटी टक् असा झटका लागतो. तो नाही ना?


फिनिक्सकर

नाही, झटका नाही. बुशिंग डायच मागवतो.


फिनिक्सकर

महिन्याभराने लिहितोय. नवीन पुंगळ्या, बुशिंग डाय, ०.२८९ ची कडी, ०.२६२ चा मँड्रेल, खांदा दोन थाउ. चार भरण्या झाल्या. क्लिपचा आकडा कुठेही अडखळत नाही, मानेला चीर नाही.

मधे एक फजितीही झाली. एका रविवारी घाईत ग्रीस न लावता एक पुंगळी डायमध्ये घातली. अर्ध्यात अडकली, हँडल वर ओढलं तर बुडाची कड फाटून शेलहोल्डरमध्येच राहिली आणि पुंगळी डायमध्ये. प्रायमरच्या खिशातून भोक पाडून, आटे कापून, त्यात स्क्रू पिळून ओढून काढायला दुपार गेली. डायच्या आत ओरखडा पडला नाही, हे नशीब.

काका, तुमची पेनाची रेघ अजून प्रेसवर आहे. आणि उडालेली, प्रायमर काढलेली एक पुंगळी तारीख घालून डायच्या डबीत ठेवली आहे. व्हर्निअरबद्दल शंका आली की आधी तीच मोजतो.


जुना_नेमबाज

अडकलेल्या पुंगळीतून आम्ही सगळेच गेलोय. ग्रीस कसलं वापरता?


फिनिक्सकर

आता लॅनोलिन (लोकरीचं मेण) आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, एकास बारा. स्प्रेच्या बाटलीत भरून गरम पाण्यात ठेवायची आणि हलवायची. पुंगळ्या ट्रेमध्ये पसरून फवारा मारतो, थोडा मानेच्या आतही जाऊ देतो. मग दहा मिनिटं काही करत नाही. अल्कोहोल उडून जाऊन बोटांना मेणासारखं लागलं पाहिजे. ओलं असताना डायमध्ये घातलं तर अडकण्याची भीती तितकीच.